ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन होऊन गेलं, आता घडी परत कशी बसवायची? (पुणेकरांचे अनुभव हवेत)

शमिका_को
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेय कारण घरी कोणाला समजावून सांगायला गेले की मलाच शब्द सापडत नाहीत आणि मग रडू येतं, इथे निदान थांबून थांबून टाइप करता येतं.

मला डाव्या बाजूला पुढे मेनिन्जिओमा होता, म्हणजे मेंदूच्या आतला नाही, मेंदूवर जे आवरण असतं त्यातून वाढलेली गाठ. ऑफिसात मीटिंग चालू असताना फिट आली तेव्हा कळलं, त्याआधी डोकं दुखायचं ते सगळं चष्म्याच्या नंबरच्या खात्यात जमा होत होतं. मग सगळं धडाधड, एमआरआय, दोन ठिकाणी मतं, ऑपरेशन. बायोप्सीत ग्रेड १ आला, म्हणजे साधी, हळू वाढणारी गाठ, सर्जन म्हणाले पूर्ण निघाली, आईने सोसायटीत पेढे वाटले.

तेव्हापासून सगळ्यांच्या लेखी मी बरी. केस आलेत, चालते, बोलते, भाजी आणते. पण दुपारचे बारा वाजले की संपलं, झोप येते असं नाही, डोळे टक्क उघडे असतात पण समोरचा काय बोलतोय ते आत शिरत नाही. टीव्ही चालू, कुकरची शिट्टी आणि मुलगा गणित विचारतोय हे तिन्ही एकदम झालं की मी ओरडते, आणि मी ओरडणारी बाई नव्हते हो. परवा चहा करताना नवऱ्याला "ते दे ना, ते हे, ज्यातून..." करत होते, तो बिचारा बघतोय, गाळणं माझ्याच हातात होतं.

कंपनी हिंजवडीला. एचआरची मुलगी चांगली आहे पण फिटनेस सर्टिफिकेटची तारीख मागतेय. सासूबाईही वाईट नाहीत, पण "रिपोर्ट चांगला आलाय ना, मग मनाने घे जरा" हे दिवसातून एकदा होतंच. ज्यांचं स्वतःचं किंवा घरात कोणाचं झालंय त्यांनी सांगा, नोकरीवर परत कसे गेलात, गाडी कधी हातात घेतली, हे चिडणं जातं का, आणि यासाठी नेमकं कोणाकडे जायचं असतं? सर्जनकडे फॉलोअपला गेलं की पाच मिनिटांत "एकदम छान" म्हणून बाहेर.

खारीबुंदी
वाचनखूण साठवतेय. मावशीचं पुढच्या महिन्यात आहे. काळजी घ्या शमिका.

टेकडीवाला
शमिकाताई, तुमची बारा वाजताची गोष्ट वाचून बायकोला मोबाइल दाखवला, म्हटलं बघ, मी नाटकं करत नव्हतो.

माझी गाठ वेगळी, अकूस्टिक न्यूरोमा, कानाच्या नसेवरची. उजवा कान गेला तो गेलाच, चेहऱ्याची नसही त्या गाठीला चिकटलेली असल्याने उजवी बाजू बरेच महिने लुळी होती, डोळा मिटायचा नाही. दिवसा थेंब, रात्री मलम लावून वर पट्टी, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते म्हणे. हे सगळं डिस्चार्जच्या कागदावर होतं, ते आम्ही वाचलं आणि केलं. कागदावर जे नव्हतं ते सांगतो.

एका कानाने ऐकणाऱ्या माणसाला आवाज येतो, पण तो कुठून येतोय ते कळत नाही. कर्वे रोड ओलांडताना हॉर्न वाजला की मी हमखास उलट्या दिशेला बघायचो. आता कानावर भरवसा ठेवतच नाही, मान दोन्हीकडे पूर्ण वळवून, वेड्यासारखा दोनदा बघून मगच पाऊल टाकतो, हसणारे हसूदेत. लग्नकार्यात जेवायला बसताना भिंत उजवीकडे येईल अशी जागा पकडतो म्हणजे बोलणारी माणसं चांगल्या कानाकडे येतात. आणि गणपतीत ढोलताशा पथक गल्लीत आलं की सरळ बहिणीकडे मुक्काम, तिच्याकडे तेवढा आवाज पोचत नाही.

तोल जाण्याचं म्हणाल तर फिजिओकडे व्हेस्टिब्युलरचे व्यायाम म्हणून असतात, अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवायची, एका रेषेत चालायचं, मग चालता चालता मान वळवायची. केल्यावर मळमळतं, अगदी नकोसं होतं, पण मळमळतं म्हणून पडून राहिलं तर मेंदू शिकतच नाही असं फिजिओने दरडावून सांगितलं होतं. अंधारात आणि खडबडीत जमिनीवर अजून जपून, कारण कानातलं तोलाचं यंत्र एका बाजूने बंद असलं की माणूस डोळ्यांवर चालतो. म्हणून वेताळ टेकडी फक्त उजेडात.

थकव्यासाठी मात्र माझ्याकडे उत्तर नाही, कमी झालाय, गेला नाही.

नानांची_सून
आमच्या सासऱ्यांचं उजव्या बाजूला मागे होतं, पराएटल का काय म्हणतात तिथे. डावा हात थोडा कमजोर, बाकी बोलणं खणखणीत, पेपर वाचायचे, राजकारणावर भांडायचे, त्यामुळे सगळे म्हणायचे नाना सुटले.

मग जेवताना गंमत लक्षात आली. गंमत कसली, पण असो. आपल्या ताटात डावीकडे चटणी, कोशिंबीर, मीठ, लिंबू, आणि उजवीकडे भाजी आमटी. नाना रोज कुरकुर करायचे की या घरात चटणी कोशिंबीर वाढायची पद्धतच बंद झालीय. आणि ताट उचलायला गेलं तर डावी बाजू जशीच्या तशी, भात सुद्धा मधोमध सुरी फिरवल्यासारखा अर्धा शिल्लक. सासूबाईंना वाटलं मुद्दाम करतायत. मी ताट फिरवून ठेवलं तर म्हणाले "आत्ता वाढलीस होय!"

डोळे ठीक होते त्यांचे, तपासले. मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नव्हता. दाढी पण एकाच गालाची. सदऱ्याची डावी बाही लोंबतेय याचा पत्ता नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं परत करायला शिकवतात त्या, घरी यायच्या, त्यांनी काय केलं तर ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली आणि सांगितलं की लाल दिसेपर्यंत मान वळवायची मगच घास. पेपरच्या डाव्या समासालाही लाल रेघ. आम्ही सगळे मुद्दाम डाव्या बाजूने बोलायला लागलो, पलंग असा फिरवला की दार डावीकडे येईल. आता बरंच सुधारलंय, पण दमले की परत चटणी दिसेनाशी होते. म्हणजे नाना दमलेत हे आम्हाला चटणीवरून कळतं.

तेव्हा शमिका, "यासाठी कोणाकडे जायचं" याला माझं उत्तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आम्हाला हा शब्दही माहीत नव्हता.

थेरपीघर
मी तोच प्राणी आहे. डॉक्टर नाही, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पुण्यातच काम करते, त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही.

शमिका, तुम्ही जे लिहिलंय त्यातलं काहीही "मनाने घ्यायचं" खात्यातलं नाही. डावा पुढचा भाग म्हणजे शब्द शोधणं, दोन गोष्टी एकदम सांभाळणं, सुरू केलेलं काम क्रमाने संपवणं, राग आवरणं या सगळ्याचं ऑफिस. गाठ निघाली तरी ती इतकी वर्षं तिथे दाबून बसलेली असते, आसपास सूज असते, ऑपरेशनचा धक्का असतो, त्यामुळे ग्रेड १ हा गाठीचा रिपोर्ट झाला, तुमचा नाही. घरच्यांना हे एक वाक्य वाचून दाखवा.

काय करायचं. एक न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून घ्या. क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट करतात, काही तास लागतात, एकाच बैठकीत झेपत नसेल तर दोनदा. त्यात स्मरणशक्ती, लक्ष, वेग, भाषा हे वेगवेगळं मोजतात आणि लेखी रिपोर्ट मिळतो. एचआरला "मला अजून बरं वाटत नाही" सांगणं आणि "एकावेळी एकच काम दिलं तर अचूक, दोन दिली तर वेग निम्म्यावर" असं कागदावर देणं यात फरक आहे. शब्द अडकण्यासाठी स्पीच थेरपिस्ट, तुम्ही चांगलं बोलत असलात तरी जा, त्यांचं काम फक्त तोतरं बोलणाऱ्या मुलांचं नसतं.

दिवस आखताना लोक एकच चूक करतात, बरं वाटलं त्या दिवशी सगळं उरकतात. कपाट आवरणार, बँकेत जाणार, संध्याकाळी पाहुणे. मग पुढचे दोन दिवस आडवे. त्याऐवजी बरं वाटत असतानाच थांबायचं, हे फार अवघड आहे आणि त्याचीच सवय लावायची आहे. डोक्याचं काम सकाळी, हातापायाचं नंतर, आणि मधे वीसेक मिनिटं खरोखर काहीही नाही, मोबाइल पण नाही. मोबाइल बघणं ही विश्रांती नव्हे हे मी दिवसातून दहा जणांना सांगते आणि स्वतः रात्री एक वाजेपर्यंत बघते.

कढीपत्ता
माझा पण मेनिन्जिओमाच, पण नाकाच्या वर, ऑलफॅक्टरी ग्रूव्ह. वास गेला. दोन्ही बाजूच्या नसा त्यात गेल्या त्यामुळे परत येणार नाही असं सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, त्याबद्दल त्यांची आभारी आहे.

लोकांना वाटतं वास काय, किरकोळ. केटरिंगच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईला किरकोळ नाही हो. मसाला भाजला गेला का करपायला लागला हे मी आयुष्यभर नाकाने ठरवलं होतं. आता कानाने आणि डोळ्याने. मोहरी तडतडायची थांबली की लगेच हिंग, लसणीचा काठ सोनेरी झाला की गॅस बारीक, सुकं खोबरं हलवताना कालथ्याला तेल सुटलेलं दिसलं की उतरवायचं. रव्याचा रंग बदलायच्या आधी तो हलका होतो, कालथ्याखाली सळसळ असा आवाज येतो, हे मला पूर्वी माहीतच नव्हतं. मीठ तिखट गोड आंबट जिभेला कळतं, बाकी चव गेली, आमरस नुसता गोड गार लागतो. पहिल्या उन्हाळ्यात त्यावरून रडले, आता कैरीचं पन्हं पिते, आंबट तरी लागतं.

दूध नासलंय का हे शेजारणीला विचारते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांचा वास गेलाय त्यांनी स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म लावून घ्या, सिलेंडर असेल तर खाली जमिनीजवळ कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, पाइपचा गॅस असेल तर वर, तो हलका. मिस्त्रीने माझ्याकडे उलटा लावला होता, मुलाने काढून नीट लावला.

शमिका, चिडण्याबद्दल, तुम्हाला फिटसाठी लेवेटिरासेटाम चालू आहे का?

शमिका_को
हो! लेवेटिरासेटामच, दोन वेळा. का?

कढीपत्ता
मग डॉक्टरांना विचाराच. मी त्या गोळीवर असताना भांडी फेकायच्या बेतात असायचे. चिडचिड हा त्या औषधाचा माहीत असलेला त्रास आहे, सगळ्यांना होत नाही. माझं औषध न्यूरोफिजिशियनने (सर्जन नव्हे, मेंदूचे औषधं देणारे डॉक्टर) हळूहळू बदललं. पण स्वतःहून एक गोळी पण चुकवू नका, फिटची गोळी एकदम बंद केली तर उलट मोठी फिट येऊ शकते.

पेठकर_भाऊ
सगळं वाचलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आजकाल प्रत्येक गोष्टीला थेरपिस्ट. माझं पण ऑपरेशन झालंय, मी महिन्याभरात दुकानात जाऊन बसलो, कोणाला विचारलं नाही. स्कूटर पण चालवतो, सदाशिव पेठेतून जो चालवू शकतो त्याला काही होत नाही. आणि मेंदूसाठी ब्राह्मी, शंखपुष्पी आपल्याकडे हजारो वर्षं आहे, ती घ्या, फुकट इंग्रजी गोळ्यांच्या नादी लागू नका.

टेकडीवाला
भाऊ, तुम्हाला ऑपरेशनआधी किंवा नंतर फिट आली होती का?

पेठकर_भाऊ
एकदाच. आधी.

टेकडीवाला
मग स्कूटरचं एवढं कौतुक नको. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का हे सरळ विचारलेलं असतं आणि खाली आपली सही असते. उद्या सिग्नलला काही झालं तर तुमच्याबरोबर दुसऱ्याचं पोर जाईल. विम्याचं तर बोलूच नका.

ध_चा_मा
शंखपुष्पीबद्दल पण. बायकोला सुरुवातीला फेनिटॉइन (हे पण फिटचंच औषध) चालू होतं, सासुरवाडीहून कोणीतरी शंखपुष्पीचं सिरप पाठवलं, आम्ही आधी न्यूरोफिजिशियनला विचारलं तर ते म्हणाले फेनिटॉइनबरोबर अजिबात नको, रक्तातली औषधाची पातळी कमी होऊ शकते. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, पण जे काय घ्याल ते दोन्ही डॉक्टरांना माहीत पाहिजे.

आता आमचं. आमच्याकडे मेनिन्जिओमा नाही, ग्लायोमा, मेंदूच्या आतलाच, डावीकडे, भाषेच्या जागेला लागून. त्यामुळे ऑपरेशन जागेपणी केलं. ऐकताना अंगावर काटा येतो पण मेंदूला स्वतःला दुखत नाही, कातडीला भूल देतात. चित्रं दाखवून नावं विचारत होते, सर्जन एकेक जागा विजेने हलकेच डिवचून बघायचे, बोलणं अडखळलं की ती जागा सोडायची. आधी दोन दिवस बसून यादी केली होती कुठली चित्रं तिला मराठीत पटकन येतात, कुठली इंग्रजीत. वांगं मराठीत, पेन ड्राइव्ह इंग्रजीत.

एवढं करूनही नंतर काही आठवडे बोलणं जवळजवळ बंद. समजायचं सगळं. "हो" "नको" आणि "अगं" एवढंच, मला पण अगंच म्हणायची. तेव्हा तिच्या वडिलांनी, जुने शिक्षक, सहज पाढे सुरू केले, बे एके बे, बे दुणे चार, आणि ही त्यांच्याबरोबर घडाघडा म्हणायला लागली. आम्ही सगळे थक्क. बे पासून थेट बारापर्यंत, पण मधेच थांबवून "बार सक किती?" विचारलं की गप्प. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या हे होतं, वार, महिने, पाढे, आरत्या, शिव्या सुद्धा, जे पाठ असतं ते वेगळ्या वाटेने येतं, ते आलं म्हणजे वाक्यं आली असं समजू नका पण ते वापरून घ्या. मग दोन ते बारा म्हणता म्हणता मधेच थांबायचं आणि पुढचा आकडा तिने एकटीने म्हणायचा, असं करत करत गाडी पुढे गेली.

मराठी आधी आली, हिंदी मग, इंग्रजी अजून तुटक आहे. ती कोर्टात वकिली करत होती, इंग्रजी ड्राफ्टिंग. ते आता होत नाही. सध्या एका ओळखीच्या वकिलांकडे मराठी करार, भाडेपट्टे तपासून देते, आठवड्यातून ठरावीक दिवस. पैसे पूर्वीच्या मानाने काहीच नाहीत. आमच्यात यावरून खूप खटके उडाले कारण मी "परत कोर्टात जाशील" म्हणत राहायचो आणि तिला ते ओझं व्हायचं, शेवटी तिनेच लिहून दिलं, बोलून नाही, की कोर्ट नको म्हणून.

आणि आमच्याकडे "निघाली, संपलं" असं नाहीच. रेडिएशन झालं, सहा आठवडे सोमवार ते शुक्रवार रोज, त्याचा थकवा ऑपरेशनपेक्षा जास्त आणि उशिरा आला. आता दर काही महिन्यांनी एमआरआय. तो आठवडा घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. रिपोर्ट आला की रुपालीत जाऊन डोसा खायचा एवढाच नियम केलाय, रिपोर्ट कसाही असो.

शमिका_को
ध_चा_मा, वाचून थोडा वेळ बाजूला ठेवलं आणि परत वाचलं. तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा. मी मेनिन्जिओमा ग्रेड १ घेऊन एवढं लांबलचक रडगाणं लावलं असं वाटलं.

ध_चा_मा
अजिबात नाही. तिला वाचून दाखवलं, ती म्हणाली "गाळणं." आणि हसत सुटली. तिचं चाळणीवरून व्हायचं.

पेठकर_भाऊ
सिरपची बाटली बाजूला ठेवली आहे, बुधवारी डॉक्टरांना दाखवतो. स्कूटरचं बघू.

पॉलिसीवाला
मी विमा क्षेत्रात आहे, विकायला आलेलो नाही. दोन गोष्टी सांगतो कारण यात लोक पैसे सोडून देतात.

बऱ्याच मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरचे ६० किंवा ९० दिवस कव्हर असतात, पॉलिसी बघा. त्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेली फिजिओ, औषधं, तपासण्या सहसा बसतात. चिठ्ठीवर पाहिजे, तोंडी नाही. स्पीच थेरपीचं प्रत्येक कंपनीचं वेगळं.

दुसरं, पॉलिसी चालू ठेवा, काहीही करून. क्लेम केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. पण खंड पडला आणि नवीन घ्यायला गेलात तर डोक्याचं ऑपरेशन हा आधीचा आजार होणार. आधीच्या आजाराचा क्लेम काही वर्षं मिळत नाही, ती प्रतीक्षा आयआरडीएआयने (विम्याची सरकारी नियामक संस्था) २०२४ मध्ये कमाल ४ वर्षांवरून ३ वर आणली, पण ३ वर्षं म्हणजे पण ३ वर्षंच. नोकरीचा ग्रुप विमा असेल आणि नोकरी सोडायचा विचार असेल तर राजीनाम्याच्या आधी, मी परत लिहितो, आधी, तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतो का ते विचारा.

नानांची_सून
यात भर. ज्यांना कायमचं काही राहिलंय, हात, बोलणं, ऐकणं, त्यांनी यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करावा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, आधी ७ च होते, बोलण्या-भाषेची अडचण पण आता त्यात येते. अर्ज ऑनलाइन, मग तपासणीला बोलावतात, आम्ही ससून हॉस्पिटलला गेलो. ४० टक्क्यांच्या वर आलं तर बऱ्याच सवलती लागू होतात. नाना आधी म्हणाले मी काय अपंग आहे का, मग एसटीचं भाडं कमी होतं कळल्यावर स्वतः फोटो काढायला गेले.

सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी हे पण लक्षात ठेवा, त्याच कायद्यात कलम २० आहे, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. खाजगी कंपन्यांना हे कलम लागू नाही, शमिका, म्हणून तुमचा तो न्यूरोसायकचा रिपोर्टच कामाचा.

खारीबुंदी
खूप माहिती मिळाली. एक भीतीचा प्रश्न, घरात फिट आली तर करायचं काय? मावशीकडे सगळे कांदा हुंगवणारे आहेत.

कढीपत्ता
कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा तर मुळीच नाही, दात तुटतात. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, गळ्याभोवतीचं सैल करायचं, आजूबाजूचं टोकदार बाजूला, आणि घड्याळ बघायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एक थांबून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर १०८ ला फोन. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी सुद्धा पाजायचं नाही. फ्रिजवर लिहून लावा. आणि जागरण टाळा, झोप कमी झाली की फिटला आमंत्रण.

खारीबुंदी
धन्यवाद ताई, प्रिंट काढतेय.

शमिका_को
अपडेट देते. न्यूरोफिजिशियनकडे गेले, गोळीबद्दल विचारलं, त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन पण विचारलं की खरंच किती चिडते, आणि तो प्रामाणिकपणे बोलला (घरी आल्यावर बघते त्याला). औषध हळूहळू बदलतायत. न्यूरोसायक चाचणी झाली, शेवटी शेवटी माझी अक्षरशः वाचा बसली, पण रिपोर्ट आला तेव्हा बरं वाटलं, कारण स्मरणशक्ती चांगली आहे, वेग आणि लक्ष कमी. म्हणजे मी विसरत नाहीये, मला आधी नीट ऐकूच जात नाही गोंगाटात. घरात जेवताना टीव्ही बंद हा नियम लागू. सासूबाईंची मालिका साडेसातवरून मोबाइलवर गेली, त्यांनी हेडफोन मागितलेत, जांभळ्या रंगाचे.

एचआरशी बोलले, पहिले काही आठवडे अर्धा दिवस, सकाळचा, घरून, आणि मोठ्या मीटिंगऐवजी नंतर लेखी नोट्स. लीडचं पद सध्या दुसऱ्याकडे. ते टोचलंय, खोटं कशाला बोलू. परत मिळेल का माहीत नाही, मागेन का तेही माहीत नाही. गाडीबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलंय.

एक बावळट प्रश्न राहिला. कवटीचं हाड टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवलंय ना, तर मेट्रोच्या मशीनमधून जाताना वाजेल का? आणि केस विंचरताना एका जागी खळगा लागतो आणि आसपासची कातडी बधिर आहे, ते?

थेरपीघर
बावळट नाही, सगळे विचारतात. पट्ट्या फार छोट्या असतात, सहसा वाजत नाही, तरी डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, त्यामुळे पुढचे एमआरआय करता येतात, फक्त तिथल्या टेक्निशियनला सांगायचं. बधिरपणा कातडीच्या नसा कापल्यामुळे, महिने लागतात, थोडा राहतोही. खळगा वाढत असेल, लाल होत असेल किंवा पाणी येत असेल तर मात्र वाट न बघता सर्जनकडे.

टेकडीवाला
इतके जण पुण्यातलेच निघालोत तर एका रविवारी वेताळ टेकडीवर भेटूया का? चढ नाही चढायचा, एआरएआय संस्थेच्या बाजूने वर गाडी जाते तिथून सपाटीवर चालू. सकाळी साडेसहा?

कढीपत्ता
साडेसहा?? गोळ्या खाणारी माणसं आहोत आम्ही. साडेआठ करा. थालीपीठं आणते, वास कोणीतरी घेऊन सांगा कशी झालीत.

पेठकर_भाऊ
साडेआठला वर पार्किंग मिळत नाही.

शमिका_को
मी रिक्षाने येणार आहे भाऊ. तुम्ही पण रिक्षानेच या, पेठेतून येताना मला कोथरूडला घ्या.

पेठकर_भाऊ
पेठेतून टेकडीला जाताना कोथरूड लागत नाही. व्यनि (खाजगी निरोप) करा पत्ता.